दुकान उघडण्यापूर्वी

1850 साली ॲमस्टरडॅमच्या शाही विज्ञानसंस्थेने वनस्पतींच्या गर्भविकासावरच्या एका प्रबंधाला पारितोषिक दिले. लेखक होते हेर्मान शाख्ट. प्रबंध मेहनतीने लिहिलेला होता, आकृत्या रेखीव होत्या. मुख्य निष्कर्ष मात्र साफ चुकीचा होता. फुलझाडाचा गर्भ परागनलिकेच्या टोकापासूनच तयार होतो आणि बीजक, म्हणजे ज्याचे पुढे बी होते तो फुलातला भाग, त्याला नुसता आसरा आणि पोषण देते, असे त्यात ठामपणे मांडले होते. हेच मत खोडून काढणारे एक छोटे पुस्तक आदल्याच वर्षी लाइपझिगमध्ये छापले गेले होते. त्याचा लेखक पंचवीस वर्षांचा होता. त्याने विद्यापीठाची पायरी विद्यार्थी म्हणून कधी चढलेली नव्हती, आणि त्याचा दिवस छापील संगीताच्या दुकानात, हिशेबाच्या वह्या आणि पार्सलांमध्ये जात असे.

त्याचे नाव विल्हेल्म हॉफमायस्टर. वनस्पतिशास्त्राच्या इतिहासकारांना विचारले तर एकोणिसाव्या शतकातल्या पहिल्या दोन-तीन नावांत ते येईल. बाहेर कोणाला विचारले तर ओळखीची खूणही दिसणार नाही. जिथे नाव माहीत आहे तिथे त्यांची कहाणी बहुधा एकाच चालीवर सांगितली जाते: शाळा सोडलेल्या दुकानदाराने प्राध्यापकांना हरवले. ऐकायला ती छान वाटते, पण तेवढ्यावर थांबले तर त्या माणसावर अन्याय होतो. पदवी नसणे ही काही पात्रता नव्हे. हॉफमायस्टरांना जे दिसले ते एका विशिष्ट सवयीमुळे दिसले, आणि ती सवय टिकली ती आजूबाजूच्या काही अगदी ठोस गोष्टींमुळे. त्या बाजूला ठेवल्या तर उरतो तो चमत्कार, आणि चमत्कारातून कोणाला काही शिकता येत नाही.

त्यांचा जन्म 18 मे 1824 चा, लाइपझिगचा. वडील फ्रीडरिश हॉफमायस्टर यांनी 1807 मध्ये संगीत प्रकाशनाचा व्यवसाय सुरू केला होता. रॉबर्ट शूमान आणि क्लारा वीक यांच्या तरुणपणीच्या काही रचना याच घराण्याने छापल्या. जर्मन भाषक मुलखात छापून येणाऱ्या साऱ्या संगीताच्या मासिक सूच्याही इथूनच निघत, आणि संगीताचे अभ्यासक त्या आजही उघडतात. वडिलांना वनस्पतींचा नाद होता; घरात वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह होता, पुस्तके होती, बाग होती. पंधराव्या वर्षी मुलाची शाळा संपली ती गरिबीमुळे नव्हे. त्याला धंद्यात घालायचे हे घरात ठरलेलेच होते. दोन वर्षे हॅम्बुर्गच्या एका संगीताच्या दुकानात उमेदवारी करून 1841 मध्ये तो लाइपझिगला परतला आणि वडिलांच्या हाताखाली काम करू लागला.

याच सुमारास त्याच्या हाती माथियास श्लायडेन यांचा वनस्पतिशास्त्रावरचा ग्रंथ आला. श्लायडेन येना विद्यापीठात होते. प्रत्येक वनस्पती पेशींची बनलेली असते हे त्यांनी 1838 मध्ये आग्रहाने सांगितले होते आणि त्यामुळे त्यांचा दरारा मोठा होता. ग्रंथाचा सूर झणझणीत होता. नुसती नावे ठेवत, पाकळ्या आणि पुंकेसर मोजत बसण्यात शास्त्र नाही. वनस्पतीचा प्रत्येक भाग पहिल्या पेशीपासून कसा घडत जातो ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहा, असे त्यांचे म्हणणे. दुकानातल्या त्या पोराने हे वाक्य शब्दशः मनावर घेतले. पहाटे चारच्या सुमारास उठायचे, दुकानाची वेळ होईपर्यंत सूक्ष्मदर्शकाशी बसायचे, मग दिवसभर धंदा. हा क्रम पुढे कित्येक वर्षे चालला.

त्यांची दृष्टी फार अधू होती. जवळचे स्पष्ट, लांबचे सगळे धूसर. अशा डोळ्यांचा माणूस वस्तू नाकाजवळ धरतो, आणि त्या अंतरावर त्याला इतरांपेक्षा बारीक दिसते. हॉफमायस्टर सुया आणि वस्तरा हातात घेऊन टाचणीच्या डोक्यापेक्षा लहान बीजके उकलत, त्यांतला गर्भकोश अखंड बाहेर काढत. नमुन्याचे सारख्या जाडीचे काप काढणारी यंत्रे आणि पेशींना रंग देण्याच्या पद्धती नंतरच्या. त्या काळी जे दिसायचे ते पाण्याच्या थेंबात तरंगणाऱ्या, जवळजवळ पारदर्शक ऊतीत. त्यांच्या आकृत्या आज पाहताना छाती दडपते ती यामुळे. 1848 च्या सुमारास त्यांनी ट्रॅडेस्कँशियाच्या फुलातल्या पेशींचे विभाजन रेखाटले: केंद्रकाचे आवरण विरते, आत गुठळ्या दिसू लागतात, त्या दोन गटांत दूर जातात. ही गुणसूत्रे होती. त्यांना नाव मिळायला 1888 उजाडावे लागले. हॉफमायस्टरांना त्यांचे महत्त्व कळले नाही. पण दिसले ते त्यांनी काढून ठेवले, आणि अर्थ न लागलेली वस्तू चित्रातून वगळली नाही.

श्लायडेन यांच्या सिद्धान्तातली अडचण समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. परागकण स्त्रीकेसराच्या टोकावर पडला की त्यातून एक नलिका फुटते आणि खाली बीजकाकडे वाढत जाते, हे इटलीच्या जोव्हानी बात्तिस्ता आमिची यांनी पाहिले होते. ती नलिका गर्भकोशापर्यंत पोहोचते हेही पुढे नक्की झाले. प्रश्न उरला तो पोहोचल्यावर काय होते याचा. श्लायडेन म्हणाले, नलिकेचे टोकच गर्भकोशात शिरून गर्भ होते. म्हणजे ज्याला सारे नर मानत तो परागच खरा अंडधारक, आणि बीजक म्हणजे नुसते घरटे. हे खरे असते तर फुलझाडांत दोन जिवांचा मिलाफ नाहीच. सगळा वारसा एकाच बाजूने येतो. 1846 मध्ये आमिचींनी ऑर्किडमध्ये पाहिले की गर्भकोशात नलिका येण्याआधीच एक पेशी तयार असते, आणि गर्भ तिच्यापासून होतो. पण एका कुळातल्या निरीक्षणावर श्लायडेन यांच्यासारखा माणूस मागे हटणार नव्हता.

इथे हॉफमायस्टरांची ती सवय पहिल्यांदा दिसते. त्यांनी एका झाडावर वाद घातला नाही. 1847 मध्ये ईनोथेरा या फुलझाडाच्या गर्भावर पहिला लेख लिहिला आणि मग तोच प्रश्न एकामागून एक झाडांना विचारत गेले. 1849 च्या पुस्तकात 19 प्रजातींतल्या 38 जातींची निरीक्षणे आहेत. प्रत्येकीत उत्तर तेच: अंडपेशी आधी असते, नलिका नंतर येते, गर्भ अंडपेशीपासून होतो. नलिकेतून नेमके काय अंडपेशीत शिरते हे त्यांना दिसले नाही. फुलझाडांत दोन केंद्रके एकत्र येताना एडुआर्ड श्ट्रासबुर्गर यांना दिसली ती 1884 मध्ये. पण वादाचा कणा मोडला होता. पारितोषिक मिळालेल्या शाख्ट यांची बाजू काही वर्षे झुंजत राहिली. 1856 मध्ये श्लायडेन यांच्याच विद्यार्थ्याने, लुडविग राडल्कोफर यांनी, हॉफमायस्टर बरोबर असल्याचे दाखवले, आणि श्लायडेन यांनी तो सिद्धान्त सोडला. श्लायडेन यांचाही इथे मान ठेवायला हवा. त्यांनी शिकवलेली पद्धत इतकी खरी होती की तिने त्यांच्याच सिद्धान्ताचा निकाल लावला.

या वादाचे मोल कळते ते ब्रनोच्या मठात. ग्रेगोर मेंडेल यांनी 1866 च्या निबंधात वाटाण्याच्या संकरांचे प्रमाण समजावताना एक गृहीत धरले आहे: प्रत्येक नवे रोप एक अंडपेशी आणि एक परागपेशी यांच्या मिलाफातून जन्मते. या मुद्द्यावर मतभेद होते याचीही नोंद त्यांनी केली आहे. श्लायडेन यांची बाजू जिंकली असती तर तिनास एक या प्रमाणाला काही अर्थच उरला नसता. मेंडेलांचे गणित सगळेच वाखाणतात. ज्या जमिनीवर ते उभे आहे ती लाइपझिगच्या पहाटेच्या वेळी तयार झाली होती, हे सहसा कोणी सांगत नाही.

1851 मध्ये रोस्टोक विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. त्याच वर्षी त्यांचा मुख्य ग्रंथ आला. नाव लांबलचक, पण सांगणे एका वाक्यात मावते: शेवाळी, नेचे आणि त्यांचे सगेसोयरे, तसेच सूचिपर्णी वृक्ष, यांच्या जन्माची आणि वाढीची तुलना. लेखकाचे वय सत्तावीस.

या ग्रंथात काय होते ते समजायला जर्मनीला जायची गरज नाही. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या कोणत्याही घाटात, जुन्या विहिरीच्या आतल्या बाजूला, कोकणातल्या जांभ्याच्या गडग्यावर ते सगळे उगवलेले असते. ओल्या भिंतीवर हिरवी मखमल दिसते ती शेवाळी, म्हणजे मॉस. पाऊस स्थिरावला की तिच्यातून केसासारख्या बारीक दांड्या वर येतात आणि प्रत्येक दांडीच्या टोकाला एक चिमुकली कुपी असते. कुपी फुटते, आतली बीजुके, म्हणजे धुळीसारखे कण, उडतात. शेजारीच नेचे असते: कातरलेल्या मोठ्या पानांचे, पानाच्या मागे तपकिरी ठिपक्यांच्या रांगा असलेले. ते ठिपके म्हणजे बीजुकांच्या थैल्यांचे पुंजके. आणखी जवळ जाऊन, अगदी नाक मातीला लावून पाहिले, तर नेच्याखालच्या ओल्या मातीवर करंगळीच्या नखाएवढी, हृदयाच्या आकाराची पातळ हिरवी चकती सापडते. चालणाऱ्या माणसाला ती दिसत नाही. दिसली तरी नेच्याशी तिचा काही संबंध असेल असे वाटत नाही.

या वनस्पतींना लिनियसने 'गुप्तविवाही' म्हटले होते. फूल नाही, बी नाही. मग यांचे लग्न लागते कुठे? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सुटे धागे हाती आले होते. वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेली यांना नेच्याच्या चकतीवर नर अवयव दिसले होते. 1848 मध्ये लेश्चिक-सुमिन्स्की यांना त्याच चकतीवर मादी अवयवही सापडले आणि नेच्याचे रोप त्या चकतीतून उगवते हे कळले. पण सगळ्या धाग्यांचे वस्त्र एकच आहे हे कोणी पाहिले नव्हते. शेवाळीचे अभ्यासक शेवाळी पाहत, नेच्यांचे नेचे, आणि सूचिपर्णींचा विचार फुलझाडांच्या खात्यात होई.

हॉफमायस्टरांनी पुन्हा तोच एक प्रश्न प्रत्येकाला विचारला: अंडपेशी कुठे आहे, ती फळल्यावर तिच्यापासून काय बनते, आणि त्या बनलेल्या गोष्टीपासून पुढे काय बनते? शेवाळीत उत्तर मिळाले ते असे. हिरवी मखमल ही एक पिढी. तिच्यावर अंडी आणि पोहणाऱ्या पुंपेशी तयार होतात. फळलेल्या अंड्यापासून बनते ती दांडी आणि कुपी. म्हणजे दांडी हा मखमलीचा अवयव नव्हे, ती तिची संतती आहे, आयुष्यभर आईच्या डोक्यावर बसलेली. कुपीतली बीजुके पडतात आणि त्यांतून पुन्हा मखमल. एक पिढी अंडी-पुंपेशींची, दुसरी बीजुकांची. आळीपाळीने, न चुकता.

नेच्यात हीच आळीपाळी आहे, फक्त मापे उलटी झाली आहेत. ती नखाएवढी चकती म्हणजे मखमलीची जागा घेणारी पिढी. तिच्यावर फळलेल्या अंड्यातून उगवते ते संपूर्ण नेचे, कुपीच्या जागी. लेकरू आईपेक्षा शेकडो पट मोठे होते, स्वतःची मुळे रोवते, आणि आई मातीत विरून जाते.

मग सेलाजिनेला, आपल्याकडच्या घाटात पावसाळ्यात सापडणारी आणखी एक नाजूक वनस्पती. तिची बीजुके दोन मापांची असतात. मोठ्या बीजुकाच्या आत मादी चकती तयार होते आणि कवचाबाहेर जवळजवळ येतच नाही. अंडे तिथेच, फळणेही तिथेच. आणि त्यानंतर पाइनचा वृक्ष. पाइनच्या बीजकात गर्भाभोवती एक पोषक ऊती असते आणि तिच्यात काही ठळक पिंडे दिसतात. रॉबर्ट ब्राउन यांनी ती आधी पाहिली होती. हॉफमायस्टरांनी ओळखले की ही ऊती म्हणजे तीच चकती आणि ती पिंडे म्हणजे तेच मादी अवयव, जे नेच्याच्या चकतीवर उघड्या हवेत असतात. आता ती पिढी बीजकाच्या बाहेर पडतच नाही. मातेच्या आत लपलेली एक माता. गर्भकोश म्हणजे मोठे बीजुक, परागकण म्हणजे लहान बीजुक. शंभर फुटी वृक्षाचे बी आणि भिंतीवरची शेवाळी एकाच रीतीने जगतात, फक्त एक पिढी पायरीपायरीने आटत गेली आणि दुसरी वाढत गेली.

मराठीत याला 'पिढ्यांचे एकांतरण' म्हणतात. महाराष्ट्रातल्या जीवशास्त्राच्या हजारो विद्यार्थ्यांनी त्याचे चक्र प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये पेन्सिलीने काढले आहे: बाण, गोल, 'एन', 'टू एन', गंतुकधारी, बीजुकधारी. परीक्षेआधी ते पाठ होते आणि परीक्षेनंतर विसरले जाते. यात दोष विद्यार्थ्यांचा नाही. चक्र समोर येते ते तयार स्वरूपात, उत्तर म्हणून. त्याआधी प्रश्न विचारलेलाच नसतो. नखाएवढी चकती कोणी शोधायला पाठवत नाही, आणि ती हाताला लागल्यावर 'ही नेच्याची आई' असे कोणी सांगत नाही. हॉफमायस्टरांच्या कामातली थरारक गोष्ट चक्रात नव्हतीच. ती होती ओळखण्यात: अनोळखी चेहऱ्यांच्या गर्दीत एकाच घराण्याचे नाक सापडावे, तसे.

अशी ओळख दुकानातल्या माणसाला पटली आणि विद्यापीठांतल्यांना का नाही, हा प्रश्न गंभीरपणे घ्यायला हवा. प्राध्यापक आंधळे होते असे मुळीच नाही. ह्यूगो फॉन मोल, नेगेली, आमिची हे असामान्य निरीक्षक होते आणि हॉफमायस्टर त्यांच्या खांद्यावरच उभे आहेत. फरक पडला तो कामाच्या आखणीत. विद्यापीठात अध्यासने आणि ग्रंथ वनस्पतींच्या गटांप्रमाणे वाटलेले होते. माणूस एका गटाचा तज्ज्ञ होई, त्या गटाची भाषा बोले, त्याच्या अवयवांना त्या गटातली नावे देई. शेवाळीच्या आणि पाइनच्या अभ्यासकाला एकच अवयव दिसला तरी दोघांचे शब्द वेगळे असत. हॉफमायस्टरांना कोणत्याच गटाची राखण करायची नव्हती. त्यांच्याकडे एक प्रश्न होता आणि जे रोप सापडेल त्याला तो विचारायची मुभा होती. ही मुभा म्हणजे मोठी संपत्ती. ती त्यांना धंद्याने दिली, कारण पोटासाठी शास्त्रावर अवलंबून राहावे लागले नाही.

पण मुभेइतकीच दारेही महत्त्वाची. लाइपझिग हे पुस्तकांच्या व्यापाराचे शहर. नवे ग्रंथ तिथे दारात येऊन पडत. 'बोटानिशे त्साइटुंग' हे साप्ताहिक 1843 मध्ये सुरू झाले होते आणि त्याच्या संपादकांनी अनोळखी दुकानदाराचे लेख त्याची पदवी न विचारता छापले. रोस्टोकने काम पाहून डॉक्टरेट दिली. 1863 मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाने त्यांना थेट प्राध्यापक आणि वनस्पती उद्यानाचे संचालक केले. बुन्सेन, किर्शहॉफ आणि हेल्महोल्ट्स हे नामवंत शास्त्रज्ञ तेव्हा तिथेच शिकवत होते. 1872 मध्ये मोल यांच्या जागी ते ट्यूबिंगेन विद्यापीठात गेले. औपचारिक शिक्षण शाळेपर्यंतच झालेल्या माणसाला त्या देशातल्या शास्त्रज्ञांनी काम पाहून आत घेतले. कौतुक करायचेच असेल तर यातले निम्मे त्या दारांचे आहे. दार बंद असते तर त्या वह्या लाइपझिगच्या एखाद्या माळ्यावर राहिल्या असत्या, आणि नेच्याचे कोडे आणखी काही वर्षांनी दुसऱ्या कोणी सोडवले असते. बाहेरच्यांना आत येऊ न देणाऱ्या व्यवस्थेत असे किती जण हरवतात, ते मोजता येत नाही, कारण त्यांची नावेच कुठे लागत नाहीत.

ग्रंथ आला तेव्हा डार्विन यांच्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'ला अजून आठ वर्षे होती. हॉफमायस्टरांनी 1851 मध्ये वंशाविषयी एक शब्दही लिहिलेला नाही. त्यांनी फक्त दाखवले की जमिनीवरच्या हिरव्या सृष्टीचा आराखडा एक आहे आणि त्यात सलग पायऱ्या आहेत. युलियुस साक्स यांनी 1875 च्या आपल्या वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात म्हटले आहे की डार्विनचा सिद्धान्त आला तेव्हा वनस्पतींची नाती इतकी उघडी पडली होती की त्या सिद्धान्ताला ती फक्त स्वीकारायची होती. साक्स स्वतः त्या काळचे सर्वांत मोठे वनस्पती शरीरक्रियाशास्त्रज्ञ आणि तोंडदेखले कौतुक करणारे नव्हेत. त्यांच्या म्हणण्यात थोडी अतिशयोक्ती आहे. नाते दिसणे आणि नाते का आहे हे समजणे या दोन गोष्टी वेगळ्या. दुसरी डार्विन यांनी केली. पण उत्क्रांतीचा इतिहास सांगताना फिंच पक्षी आणि कासवे येतात आणि नेच्याची चकती येत नाही, हे मात्र खटकते. सर्वांत स्वच्छ पुराव्यांपैकी एक भिंतीवर उगवतो आणि बहुतेकांना तो ठाऊक नसतो.

नाव विसरले जाण्याची कारणे शोधावी लागत नाहीत. हॉफमायस्टर बोटीवर बसून कुठे गेले नाहीत. त्यांनी लोकांसाठी एकही पुस्तक लिहिले नाही. त्यांचे गद्य फार दाट आहे. निरीक्षणामागून निरीक्षण येते आणि निष्कर्ष शेवटच्या काही पानांत आवरला जातो. 1851 च्या ग्रंथात सारा डोलारा ज्यावर उभा आहे तो सारांश इतका आखूड आहे की घाईतला वाचक तो ओलांडून जाईल. फ्रेडरिक करी यांनी केलेले इंग्रजी भाषांतर 1862 मध्ये लंडनच्या रे सोसायटीने काढले आणि त्यातूनच इंग्रजी वाचणाऱ्या जगाला ते पोहोचले. त्यांचा विषयही नजरेत भरणारा नव्हता. ऑर्किडला चाहते असतात, शेवाळीला नसतात.

उत्तरायुष्यात त्यांनी हात घातला नाही असा भाग थोडा. वनस्पतींतला रसप्रवाह, पेशीचे अंतरंग, खोडावर पानांची मांडणी. नवे पान अंकुराच्या टोकावर जिथे सर्वांत मोठी मोकळी जागा असेल तिथे उगवते, हा पानांच्या मांडणीचा त्यांचा नियम आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. 1868 च्या सामान्य आकारशास्त्रावरच्या ग्रंथात आकार का घडतो याचे उत्तर ते भौतिक बळांत शोधत होते. काही ठिकाणी ते सपशेल चुकलेही. मूळ खाली वळते ते त्याचे टोक मऊ, मेणासारखे असल्याने स्वतःच्या वजनाने लवते, असे त्यांचे मत होते. आल्बर्ट फ्रांक यांनी 1868 मध्ये ते चुकीचे ठरवले. वळणे ही मुळाची स्वतःची, सक्रिय वाढ असते. चूक लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्या माणसाने एका प्रश्नासाठी 38 जाती उकलल्या, त्याने या प्रश्नात यांत्रिक उत्तराचा मोह धरला. पद्धत सुटली की तोच डोळा चुकतो.

घरात दुःखे लागोपाठ आली. पत्नी आग्नेस 1870 मध्ये गेल्या. नऊ मुले झाली होती. त्यांतल्या काहींचे मृत्यू वडिलांना पाहावे लागले. 1876 मध्ये पक्षाघाताच्या झटक्यांनी त्यांना काम सोडायला लावले आणि ते लाइपझिगजवळच्या लिंडेनाऊला परतले. 12 जानेवारी 1877 रोजी ते वारले तेव्हा वय होते फक्त बावन्न. ट्यूबिंगेनला धर्मशास्त्र शिकायला आलेला एक तरुण त्यांच्यामुळे वनस्पतींकडे वळला होता. तो म्हणजे कार्ल गोबेल, पुढचे नामवंत आकारशास्त्रज्ञ. 1924 मध्ये, जन्मशताब्दीला, गोबेल यांनी गुरूचे चरित्र लिहिले. दुकान, पहाट, अधू डोळे, यांतले बरेचसे आपल्याला कळते ते त्या छोट्या पुस्तकामुळे.

विचार मात्र पुढे चालत राहिला. श्ट्रासबुर्गर यांनी 1894 मध्ये दाखवले की दोन पिढ्यांतला फरक गुणसूत्रांच्या संख्येचा आहे: एकीत एक संच, दुसरीत दोन. म्हणजे ट्रॅडेस्कँशियाच्या चित्रातल्या बिननावाच्या गुठळ्या आणि भिंतीवरची मखमल या एकाच कोड्याच्या दोन बाजू होत्या, आणि दोन्ही एकाच माणसाच्या टेबलावर येऊन गेल्या होत्या. ग्लासगोच्या फ्रेडरिक ऑर्पेन बॉवर यांनी 1908 मध्ये वनस्पती पाण्यातून जमिनीवर कशा आल्या यावर ग्रंथ लिहिला, तो याच पायावर. आळीपाळीने येणाऱ्या या पिढ्या म्हणजे, बॉवर यांच्या मते, पाण्यातल्या जिवाने जमिनीशी केलेली तडजोड. पोहणाऱ्या पुंपेशींना पाणी लागते, म्हणून एक पिढी ओलीला चिकटून राहते. बीजुकांना वारा लागतो, म्हणून दुसरी वर वाढते.

एक धागा मात्र हॉफमायस्टरांच्या हयातीत लोंबकळत राहिला. शेवाळीत आणि नेच्यात पुंपेशी पोहत अंड्याकडे जातात. पाइनमध्ये ते काम नलिका करते. दोन्ही टोके एकाच घराण्याची असतील तर मधल्या कुठल्यातरी बी धरणाऱ्या वृक्षात पोहणाऱ्या पुंपेशी शिल्लक असायला हव्यात. सूचिपर्णींच्या परागनलिकेत त्या असण्याची शक्यता त्यांनी 1851 मध्येच सुचवली होती. त्यांना त्या सापडल्या नाहीत.

1896 मध्ये त्या सापडल्या, टोकियोत. विद्यापीठाच्या कोइशिकावा उद्यानातल्या एका गिंको वृक्षाची बीजके कापून पाहताना साकुगोरो हिरासे यांना परागनलिकेतून सुटलेली पेशी दिसली, केसासारख्या तंतूंचे वलय फिरवत पोहणारी. त्याच वर्षी सेइइचिरो इकेनो यांना तशाच पेशी सायकस या झाडात आढळल्या. हिरासे हे विद्यापीठाचे पदवीधर नव्हते. ते तिथे चित्रे काढायला लागले होते आणि प्राध्यापकांसाठी आकृत्या काढता काढता सूक्ष्मदर्शकातून पाहायला शिकले होते. पुढच्याच वर्षी ते विद्यापीठ सोडून एका शाळेत शिक्षक झाले. 1912 मध्ये जपानच्या विज्ञान अकादमीचा शाही पुरस्कार त्यांना इकेनो यांच्यासोबत मिळाला. तो गिंको अजून उद्यानात उभा आहे.